रोजंदारीचा डेटा

रात्रीचे पावणेबारा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या कुठल्याही कॉट बेसिसच्या (म्हणजे कॉटमागे भाडं असलेल्या) खोलीत या वेळी दोन प्रकारची पोरं दिसतात. एकाचा डेटा संध्याकाळीच संपलेला असतो आणि तो बारा वाजायची वाट बघत पडलेला असतो. दुसऱ्याचा सातशे एमबी उरलेला असतो आणि तो पंधरा मिनिटांत कसा संपवायचा या घाईत असतो. घड्याळाकडे दोघं सारख्याच निकडीनं बघतात. बारा वाजले की पहिल्याच्या हातात नवा दीड जीबी पडतो आणि दुसऱ्याचा उरलेला बुडतो.

हे असं नेहमीच नव्हतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, त्याआधी विद्यार्थ्याचा नेट पॅक म्हणजे महिन्याला एक जीबी आणि त्याला अडीचशेच्या आसपास रुपये. तो पॅक महिन्याच्या पगारासारखा होता. पहिल्या आठवड्यात उधळला की उरलेले दिवस ओढाताण. म्हणून लोक जपून वापरायचे, गाणी मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणायचे. नंतर रोजची मर्यादा आली आणि पगाराची रोजंदारी झाली. आकड्यांत बघितलं तर आजचा विद्यार्थी कुबेर आहे: रोज दीड जीबी, २८ दिवसांचे ४२ जीबी. पण रोजंदारीचा स्वभाव वेगळा असतो. आजचं आजच संपवायचं, उद्याला काही ठेवता येत नाही, आणि एखाद्या दिवशी जास्त लागलं तर उचल घ्यायची. साधारण वीस रुपयांत एक जीबीचा टॉप-अप मिळतो, तीच ती उचल. महिन्यातून दहा वेळा घेतली की दोनशे रुपये गेले, आणि मेसचं बिल भरताना ते कुठे गेले हे आठवत नाही.

कोटा संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, त्याचा अर्थ मात्र क्वचितच कुणी काढून बघतं. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, मिनिटाला ४८०, आणि तासाला जेमतेम २९ एमबी. बारा एमबीची चालू घडामोडींची पीडीएफ उतरायला पंचवीस मिनिटं लागतील, तीही मध्ये काही तुटलं नाही तर. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा मजकूर जातो, चहावाल्याला यूपीआयचे दहा रुपये रडतखडत का होईना जातात. परीक्षेचा अर्ज भरायला बसलात तर मात्र पान अर्धवट उघडतं, सेशन संपतं, ओटीपी येतो तेव्हा तो टाकायची चौकटच गायब झालेली असते. अर्जाच्या शेवटच्या तारखेला हा प्रयोग करू नये. त्या दिवशी तरी डेटा हातचा राखून ठेवावा.

आता खर्चाची बाजू. दिवसाचा मोठा वाटा व्हिडिओ लेक्चरांचा. ढोबळमानानं यूट्यूब ३६०पीला तासाला अडीचशे-तीनशे एमबी घेतं, ४८०पीला चारशे-पाचशे, आणि ७२०पीला एक जीबीच्या पुढे. सर पांढऱ्या फळ्यासमोर स्थिर उभे असतील तर थोडं कमी लागतं, कारण जे चित्र हलत नाही ते पुन्हा पाठवावं लागत नाही. सरांच्या मागे रंगीत ग्राफिक्स नाचत असतील तर जास्त. दोन तासांचं राज्यघटनेचं लेक्चर ७२०पीला लावलं की दीड जीबीचा कोटा त्यातच आटोपतो. तेच ३६०पीला सहाशे एमबीच्या आत बसतं. फोनच्या पडद्यावर ३६०पी चालतं. लॅपटॉपवर फळ्यावरची बारीक अक्षरं गढूळ दिसतात, तिथे ४८०पी लावावं. त्याहून वर जायची गरज फक्त नकाशे बघताना.

‘ऑटो’वर विसंबू नये. फोनमधलं अ‍ॅप मोबाईल डेटा आणि वायफाय वेगळं ओळखतं, त्यात मोबाईलसाठी ‘डेटा सेव्हर’ लावून ठेवता येतो. पण लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला की ब्राउझरला हे नेट कुणाच्या कोट्यातलं आहे याचा पत्ता नसतो. त्याला वेग चांगला दिसतो, खिडकी मोठी दिसते, आणि पूर्ण पडदा केला की तो खुशाल १०८०पी मागवतो. ‘लॅपटॉपवर डेटा लवकर संपतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

आणखी एक गैरसमज दुप्पट वेगाचा. दोन तासांचं लेक्चर एका तासात उरकलं तर वेळ वाचतो, डेटा वाचत नाही. व्हिडिओ तोच, तेवढाच उतरतो. फक्त तासाचा खर्च दुप्पट होतो. पूर्वी दिवसाला तीन तास लेक्चर बघणारा आता तीन तासांत सहा तासांचं बघतो आणि ‘हल्ली कंपनी डेटा जास्त कापते’ म्हणतो.

तरीही बघण्यावर खर्च होतो तो डोळ्यांसमोर होतो. खरी गळती पाठीमागे होते, आणि ती सगळ्यात जास्त होते मित्राच्या हॉटस्पॉटवर.

‘अरे, पाच मिनिटं हॉटस्पॉट दे ना, हॉल तिकीट काढायचंय.’ हे वाक्य म्हणजे कॉट बेसिसचं राष्ट्रीय गीत. देणारा देतो, कारण उद्या आपल्यालाही मागायचं आहे. पण मागणाऱ्याच्या फोनला समोर वायफाय दिसतं, आणि दिवसभर वायफायची वाट बघत थांबलेली सगळी कामं एकदम जागी होतात. फोटोंचा बॅकअप सुरू होतो, प्ले स्टोअर चौदा अ‍ॅप अपडेट करायला घेतं, व्हॉट्सअ‍ॅप गावाकडच्या ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओ उतरवू लागतं. हॉल तिकीट दोनशे केबीचं असतं, आणि पाच मिनिटांत चारशे एमबी गेलेले असतात. यात मित्राचा दोष नाही, त्यानं खरंच हॉल तिकीटच काढलं.

यावर उपाय दोन्ही बाजूंनी आहे. घेणाऱ्यानं आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन ‘नेटवर्क युसेज’मध्ये ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून मिळणारं नेट, असं निवडावं. आयफोनवाल्यानं त्याच जागी ‘लो डेटा मोड’ चालू करावा. एका अँड्रॉइडचा हॉटस्पॉट दुसऱ्या अँड्रॉइडला बऱ्याचदा आपोआप मीटर्ड म्हणून ओळखू येतो, पण सगळी अ‍ॅप ते जुमानतात असं नाही, म्हणून वायफायवरचं आपोआप उतरवणं मुळातूनच बंद ठेवलेलं बरं. देणाऱ्यानं हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘वन टाइम डेटा लिमिट’ आहे का ते बघावं. बऱ्याच फोनमध्ये असते, तिथे १०० एमबी टाकलं की तेवढं संपल्यावर हॉटस्पॉट आपसूक बंद होतो आणि ‘आता बस कर’ असं तोंडानं म्हणायची वेळ येत नाही. महिन्यातून एकदा हॉटस्पॉटचा पासवर्डही बदलावा. एकदा दिलेला पासवर्ड समोरच्या फोनच्या लक्षात राहतो. पुढच्या वेळी तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपसाठी हॉटस्पॉट चालू करता तेव्हा पलीकडच्या कॉटवरचा फोन झोपेतच येऊन जोडला जातो. एक अडचण मात्र लक्षात ठेवायची: स्वतःच्या फोनच्या सेटिंगमधला डेटा सेव्हर (यूट्यूबमधला नव्हे) चालू असेल तर अँड्रॉइड हॉटस्पॉट सुरू करू देत नाही. म्हणून लोक डेटा सेव्हर बंद करतात, आणि काम झाल्यावर परत लावायला विसरतात.

विंडोजचा लॅपटॉप हा सगळ्यात मोठा खादाड. मायक्रोसॉफ्टचा दर महिन्याचा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतो, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री साडेदहा-साडेअकराच्या पुढे. बुधवारी सकाळी अभ्यासाला बसून हॉटस्पॉट जोडला की तासाभरात कोटा साफ होतो, आणि लॅपटॉपवर तर वर्डची एक फाइल सोडून काहीच उघडलेलं नसतं. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग वायफाय, मग त्या हॉटस्पॉटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायचं. हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं करावं लागतं आणि हॉटस्पॉटचं नाव बदललं की पुन्हा. त्यानं बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही सिंक थोपवतं. तरी काही तातडीचे सुरक्षेचे तुकडे येतातच, ते येऊ द्यावेत. कोण किती खातंय हे तिथेच ‘डेटा युसेज’मध्ये अ‍ॅपवार दिसतं. आठवड्यातून एकदा बघितलं तरी डोळे उघडतात. अपडेट कायमचे बंद करण्याचा शहाणपणा मात्र करू नये. पेनड्राइव्ह या लॅपटॉपमधून त्या लॅपटॉपमध्ये फिरणाऱ्या खोलीत तो महागात पडतो.

टेलिग्राम ही स्पर्धा परीक्षावाल्यांची खरी लायब्ररी, त्यामुळे गळतीची जागाही तीच. ‘डेटा अँड स्टोरेज’मध्ये आपोआप उतरवण्याचे तीन खण असतात: मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग. पहिले दोन्ही बंद करायचे, फार तर फोटो चालू ठेवायचे. त्याच पानावरच्या ‘स्टोरेज युसेज’मध्ये मीडिया किती दिवस ठेवायचा हेही असतं. फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथे तीन दिवस लावून ठेवलं की चौथ्या दिवशी तीच पीडीएफ पुन्हा उतरते, आणि असं एकच प्रश्नपत्रिका संच महिन्यात पाच वेळा विकत घेतल्यासारखं होतं. कामाची फाइल उतरल्या उतरल्या फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वेगळी ठेवावी.

हे झालं छिद्रं बुजवणं. रोजंदारीवरचा संसार चालतो तो मात्र वेगळ्याच युक्तीनं: हातात पैसा आहे त्या दिवशी डब्यात धान्य भरून ठेवायचं. डेटा उद्यावर टाकता येत नाही, पण डेटाचं लेक्चर करून ठेवता येतं. रात्री अकराला उरलेला कोटा बघायचा आणि उद्याची दोन लेक्चरं अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून ठेवायची. साडेअकरापर्यंत थांबू नये. पेठांमध्ये त्या वेळी प्रत्येक खोलीतला दुसऱ्या प्रकारचा पोरगा हेच करत असतो, टॉवर कोंदतो, आणि बाराच्या ठोक्याला पहिल्या प्रकारचे सगळे एकदम तुटून पडतात. डाउनलोडला आणखी एक फायदा असा की मागे जाऊन पुन्हा ऐकण्याचे पैसे पडत नाहीत. ऑनलाइन बघताना दहा मिनिटं मागे गेलात तर तो भाग बऱ्याचदा नव्यानं उतरतो. जे फक्त ऐकायचं आहे, उदाहरणार्थ संपादकीयावरची चर्चा, ते पॉडकास्ट म्हणून मिळालं तर १२८ केबीपीएसलाही तासाला साठ एमबीच्या आत भागतं. व्हिडिओच असेल तर १४४पीला लावावा आणि फोन पालथा ठेवावा.

नोट्स, प्रश्नपत्रिका, स्वतः रेकॉर्ड केलेलं असं एकमेकांना द्यायचं असेल तर त्याला इंटरनेट लागतच नाही, हे शेजारशेजारच्या कॉटवरून व्हॉट्सअ‍ॅपनं शंभर एमबीची फाइल पाठवणाऱ्यांना सांगावं लागतं. एकाचा शंभर चढवायला जातो, दुसऱ्याचा शंभर उतरवायला, अंतर तीन फूट. पूर्वी यासाठी शेअरइट होतं. २०२० च्या जूनमध्ये भारतानं ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात ते गेलं. आता अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर फोनसोबतच येतं, ते सरळ फोन ते फोन पाठवतं.

आणि पॅक घेताना नियम वाचावेत. व्हीआयच्या (व्होडाफोन आयडियाच्या) काही पॅकमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो आणि मध्यरात्रीनंतरचे काही तास मोजले जात नाहीत. रात्री जागणाऱ्याला हा पॅक फायद्याचा ठरू शकतो, पण आधी त्या खोलीत रेंज येते का ते बघावं.

आता मुद्दा ब्रॉडबँडचा. दोन खोल्यांत आठ कॉट असतील तर हिशेब सरळ आहे. महिना ५०० रुपयांचा प्लॅन, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. डोई ७४ रुपये, चार उचलींपेक्षाही कमी. ‘अनलिमिटेड’ या शब्दामागे इथेही मर्यादा असते. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी असते. दिवसाचे ११० आणि आठ जणांत माणशी पावणेचौदा जीबी. अभ्यास करणाऱ्यांकडून ते संपणार नाही. टॉवरवरून येणाऱ्या एअर फायबरला मात्र ही मर्यादा साधारण १००० जीबीची असते, म्हणजे माणशी रोज चार जीबीच्या आसपास, आणि त्यात एखादा टॉरेंटवाला (इतरांच्या कॉम्प्युटरवरून मोठ्या फाइल उतरवणारा) असेल तर विसाव्या तारखेलाच वेग पडतो. टॉरेंट उतरवताना चढवतही असतो, आणि बहुतेक ठिकाणी चढवलेलंही मोजलं जातं. कनेक्शन घेण्याआधी दोनच गोष्टी विचारायच्या: मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती.

फायबरच्या खोलीत भांडण होतं ते कोट्यावरून नाही, वाटणीवरून. ४० एमबीपीएसची लाइन आठ जणांना पुरून उरते, कारण ४८०पीच्या लेक्चरला सव्वा एमबीपीएस भरपूर झाला. पण एकानं गेमचा अपडेट लावला की तो एकटाच सगळी लाइन ओढतो आणि बाकी सात जणांची लेक्चरं गोल गोल फिरत राहतात. साध्या राउटरमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’, म्हणजे वेग वाटून द्यायची सोय, असतो. राउटरचं पान ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर उघडतं. तिथे एकूण वेग मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी लिहायचा, ४० येत असतील तर ३६. लोक इथेच चुकतात आणि ४० किंवा थेट १०० लिहितात. रांग आपल्या राउटरमध्ये लागली तरच आपले नियम चालतात. ती कंपनीच्या यंत्रात लागली तर आपला राउटर नुसता बघत बसतो. मग प्रत्येक उपकरणाला ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बांधून द्यायचा आणि कमाल दहा-बारा एमबीपीएस द्यायचे. पाचच देऊ नयेत. दुपारी खोलीत दोघंच असतात, त्यांना उगाच का अडवायचं? आयपी बांधताना घोळ होतो तो फोनच्या बदलत्या मॅक पत्त्यामुळे, म्हणजे राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो त्या क्रमांकामुळे. नवे फोन खरा पत्ता लपवून बनावट देतात, आणि काही तो अधूनमधून बदलतात. त्या वायफायपुरता फोनमध्ये ‘डिव्हाइस मॅक’ किंवा आयफोनमध्ये ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस’ बंद असं केलं की नियम टिकतो.

माणशी कोटाच लावायचा असेल, आणि एअर फायबरवर तो लावावा लागतो, तर साधा राउटर उपयोगाचा नाही. मायक्रोटिक या कंपनीच्या लहान राउटरवर ‘हॉटस्पॉट’ नावाची सोय असते: प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड, आणि त्याच्या खात्यात ‘लिमिट बाइट्स टोटल’ला ४जी, म्हणजे चार जीबी. रोज मध्यरात्री मोजणी शून्यावर आणायला ‘शेड्युलर’मध्ये एक ओळ टाकायची. ही सगळी मांडणी घड्याळावर उभी आहे आणि या स्वस्त राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की वेळ चुकते आणि मध्यरात्र भलत्याच वेळी उजाडते. म्हणून ‘एनटीपी क्लायंट’ चालू करून वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावायची. दुसरी अडचण लॉगिनच्या पानाची. पोरगं थेट एखादी एचटीटीपीएस (कुलूपबंद, सुरक्षित) साइट उघडतं, तिथे राउटरला स्वतःचं पान घुसवता येत नाही, आणि ‘नेट बंद आहे’ म्हणून बोंब होते. फोनवर आलेली ‘साइन इन’ची सूचना दाबली की पान उघडतं.

फायबरवर चार-पाच विंडोज लॅपटॉप असतील तर अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ बघावं. तिथे फक्त आपल्या लोकल नेटवर्कवरच्या उपकरणांकडून घ्या असं निवडलं की एकानं उतरवलेला अपडेट बाकीच्यांना खोलीतल्या खोलीत मिळतो. राउटरच्या गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर हे चालत नाही, कारण ते एकाला दुसरा दिसूच देत नाही.

पासवर्डचं राजकारण वेगळंच. अँड्रॉइडवर वायफायचा क्यूआर दाखवला की बऱ्याच फोनमध्ये खाली पासवर्डही छापून येतो. म्हणून आठ जणांचं नेट महिन्याभरात खालच्या मजल्यावर आणि टपरीवर पोचतं. बऱ्याच खोल्यांनी यावर साधा तोडगा काढलाय: एक तारखेला पैसे गोळा झाले की पासवर्ड बदलायचा, ज्यानं दिले त्यालाच सांगायचा. यात राउटरच्या पानाचा ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड बदलायचा राहिला तर बाकी सगळं व्यर्थ. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे आणि राउटरची अनामत कुणी भरली हे मात्र कागदावर लिहून ठेवावं. तो माणूस निकाल लागून गावी गेला की अनामतही त्याच्याबरोबर जाते.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पुण्यातल्या खोल्यांत दुहेरी फटका बसतो. राउटर बंद पडतो, फोन काही न सांगता मोबाईल डेटावर सरकतात, आणि वायफाय समजून लावलेलं लेक्चर कोट्यातून कापलं जातं. ५० टक्के संपल्याचा मेसेज येतो तेव्हा कळतं. आयफोनमध्ये ‘वायफाय असिस्ट’ असतं, ते तर वीज असतानाही, पॅसेजच्या टोकाला वायफाय अशक्त झालं की मोबाईल डेटा वापरू लागतं. बंद ठेवावं. राउटर आणि फायबरच्या डब्याला पुरेल असा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, वर्गणीत तो बसवावा.

आणि ज्यांना ब्रॉडबँड परवडत नाही किंवा घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही त्यांच्यासाठी उरतो फाइव्ह जी. जुलै २०२४ मध्ये दर वाढल्यापासून जिओ-एअरटेलचा अमर्याद फाइव्ह जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या पॅकवर आला. यातली मेख अशी: फाइव्ह जीवर वापरलेलं मोजत नाहीत, फोर जीवर वापरलेलं त्या दोन जीबीतून कापतात. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत, दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीआड, फाइव्ह जीच्या वरच्या वारंवारितेच्या लहरी पोचत नाहीत. फोन गॅलरीत फाइव्ह जी दाखवतो, कॉटवर आडवं झालं की फोर जी, आणि पोरगं ‘अनलिमिटेड’ समजून ७२०पी बघत असतं.

त्यावरचा उपाय पेठेत खिडक्याखिडक्यांतून दिसतो. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप आत टेबलावर. टॉवरपासूनचं अंतर फोन पेलतो, भिंतीपासून टेबलापर्यंतचं वायफाय. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला तर आतपर्यंत नीट येतो. फाइव्ह जी, हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकाच वेळी म्हणजे फोन तव्यासारखा तापतो आणि मग आपला वेग स्वतःच पाडतो. म्हणून कव्हर काढायचं, चार्जर सलग लावून ठेवायचा नाही, पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर फोनवर वहीचा पुठ्ठा आडवा करायचा. पावसाळ्यात खिडकी लावावी लागते. मग फोन काचेला टेकवून आतल्या बाजूला उभा करायचा, मागे मेसचा डबा टेकू म्हणून, पण स्टीलचा डबा काचेच्या बाजूला येऊ द्यायचा नाही.